लोकप्रियतेचा आकडा आणि फेरनिवडीचे गणित

फेब्रुवारी १९९१ संपता संपता आखाती युद्ध थांबले. इराकी सैन्य कुवेतमधून हटले होते आणि अमेरिकेची हानी अपेक्षेपेक्षा फारच कमी झाली होती. त्याच आठवड्यात गॅलप संस्थेने केलेल्या पाहणीत ८९ टक्के अमेरिकनांनी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांच्या कामगिरीला पसंती दिली. तोवर एवढा आकडा कोणत्याही राष्ट्राध्यक्षाच्या वाट्याला आला नव्हता. वीस महिन्यांनी निवडणूक झाली आणि बुश हरले. त्यांना जेमतेम ३७.४ टक्के मते मिळाली.

याच्या बरोबर उलट गोष्ट आठ वर्षे आधी घडली होती. जानेवारी १९८३ मध्ये रॉनाल्ड रेगन यांच्या कामगिरीवर फक्त ३५ टक्के लोक समाधानी होते. बेरोजगारी दहा टक्क्यांवर गेली होती, कारखाने बंद पडत होते. रेगन यांची निवडणूकही साधारण वीस महिन्यांवरच होती. नोव्हेंबर १९८४ मध्ये त्यांनी ५० पैकी ४९ राज्ये जिंकली.

ही दोन उदाहरणे पाहून लोकप्रियतेच्या आकड्याला काहीच अर्थ नाही असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो निष्कर्ष चुकीचा ठरेल. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकी राजकारणात फेरनिवडीचा अंदाज देणाऱ्या ज्या मोजक्या खुणा टिकून राहिल्या, त्यांत हा आकडा फार वरच्या जागी आहे. मात्र तो केव्हाचा आहे, कोणाला विचारून काढला आहे आणि त्यातून नेमके काय मोजले गेले आहे, हे समजून घेतले तरच तो बोलतो. मराठी वर्तमानपत्रांतही आता अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची लोकप्रियता घसरल्याच्या किंवा वाढल्याच्या बातम्या नेहमी येतात. त्या बातम्यांमागचे हे गणित नीट उलगडून पाहण्यासारखे आहे.

एक साधा प्रश्न

या आकड्याचा जनक म्हणजे जॉर्ज गॅलप. आयोवा राज्यात १९०१ मध्ये जन्मलेल्या या माणसाने १९३५ मध्ये न्यू जर्सीतील प्रिन्स्टन या गावी लोकमताचा अभ्यास करणारी संस्था काढली. पुढच्याच वर्षी तिचे नाव देशभर झाले. १९३६च्या निवडणुकीत फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याविरुद्ध कॅन्ससचे गव्हर्नर आल्फ लँडन उभे होते. ‘लिटररी डायजेस्ट’ या नामांकित साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना टपालाने कोऱ्या मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून अधिक भरून परत आल्या आणि त्यांच्या जोरावर साप्ताहिकाने लँडन जिंकणार असे जाहीर केले. गॅलप यांनी त्या मानाने अगदी थोड्या लोकांना विचारले होते, पण ते समाजाच्या वेगवेगळ्या थरांतून निवडून. त्यांचे उत्तर होते, रूझवेल्ट जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी तेव्हाच्या ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली आणि दोन वर्षांच्या आत ‘लिटररी डायजेस्ट’ बंद पडले.

निवडणूक दर चार वर्षांनी एकदाच येते. मधल्या काळात लोकांना काय वाटते हे कसे कळणार? त्यासाठी गॅलप यांनी एक प्रश्न रूढ केला: अमुक राष्ट्राध्यक्ष आपले काम ज्या रीतीने करत आहेत, ती तुम्हाला पसंत आहे की नापसंत? १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात रूझवेल्ट यांच्यापासून हे विचारणे सुरू झाले. ट्रुमन यांच्या काळात प्रश्नाचे शब्द ठरून गेले आणि पुढे प्रत्येक राष्ट्राध्यक्षाबद्दल तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला गेला. ट्रुमन ते ट्रम्प अशी तुलना आज करता येते, ती या सातत्यामुळे. पसंती सांगणाऱ्यांच्या टक्केवारीला अमेरिकेत ‘अप्रूव्हल रेटिंग’ म्हणतात.

अमेरिकी राज्यव्यवस्थेत या आकड्याला विशेष वजन का आले, याचे कारण तिच्या घटनेत आहे. आपल्याकडे लोकसभेत अविश्वासाचा किंवा विश्वासदर्शक ठराव येऊ शकतो. एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी सरकार अवघ्या एका मताने पडले होते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची मुदत चार वर्षांची पक्की असते. महाभियोगाचा खडतर मार्ग सोडला तर त्याला मध्येच खाली उतरवण्याची सोय जवळपास नाही. त्यामुळे मधल्या चार वर्षांत जनतेचा कौल कळण्याचे हेच मुख्य नियमित साधन उरते. काँग्रेसचे (म्हणजे अमेरिकी संसदेचे) सदस्य, देणगीदार, पत्रकार, परदेशी राजदूत सगळेच त्यावर नजर ठेवून असतात. राजकारणाचे अभ्यासक रिचर्ड न्यूस्टॅट यांनी १९६० मध्येच मांडले होते की राष्ट्राध्यक्षाची खरी सत्ता हुकूम सोडण्यात नसून इतरांना पटवून देण्यात असते, आणि जनमानसातील प्रतिष्ठा हे त्यासाठीचे मोठे भांडवल असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. प्रश्न कामाबद्दलचा आहे, व्यक्तीबद्दलचा नाही. डिसेंबर १९९८ मध्ये प्रतिनिधिगृहाने बिल क्लिंटन यांच्यावर महाभियोगाचा ठराव मंजूर केला, त्याच आठवड्यात त्यांच्या कामगिरीला ७३ टक्के पसंती मिळाली. तो त्यांच्या आठ वर्षांतला उच्चांक. त्यांच्या खासगी वर्तनावर नाराज असलेल्या अनेकांनी त्यांच्या कारभाराला मात्र चांगले गुण दिले होते. अर्थव्यवस्था तेव्हा भरात होती.

शितावरून भाताची परीक्षा

सुमारे हजार माणसांना विचारून तेहतीस-चौतीस कोटींच्या देशाचे मत कसे कळते, ही शंका रास्त आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, पण पातेले नीट ढवळलेले असेल तरच. ‘लिटररी डायजेस्ट’ची चूक हीच होती. त्यांनी पत्ते घेतले टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. मंदीच्या त्या काळात फोन आणि गाडी असलेला माणूस सहसा खाऊनपिऊन सुखी असे आणि तो रूझवेल्ट यांच्यावर रागावलेला असण्याची शक्यता अधिक होती. शिवाय मतपत्रिका भरून परत पाठवण्याची तसदी घेणारे बहुधा तेच होते, ज्यांना बदल हवा होता. वीस लाख उत्तरे येऊनही निष्कर्ष चुकला, कारण ती उत्तरे एका बाजूला झुकलेली होती.

माणसे योगायोगाने, म्हणजे प्रत्येकाला निवडले जाण्याची जवळपास सारखी संधी देऊन घेतली, तर हजारांच्या नमुन्यात सुमारे तीन टक्क्यांची चूक इकडे किंवा तिकडे होऊ शकते. याचा व्यवहारातला अर्थ असा की आकडा ४५ वरून ४७ झाला म्हणून राष्ट्राध्यक्ष सावरले असे म्हणता येत नाही. तेवढा फरक केवळ नमुन्यातल्या उलटसुलटीनेही पडतो. म्हणूनच एका पाहणीपेक्षा अनेक पाहण्यांची सरासरी आणि काही महिन्यांचा कल अधिक विश्वासाचा.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत भात ढवळणे अवघड होत गेले आहे. प्यू संशोधन केंद्राच्या दूरध्वनी पाहण्यांना १९९७ मध्ये १०० पैकी सुमारे ३६ जण उत्तर देत. २०१८ मध्ये हे प्रमाण ६ वर आले. अनोळखी नंबर कोणी उचलत नाही. मग संस्था वय, शिक्षण, वंश, प्रदेश यांच्या प्रमाणानुसार उत्तरांना कमी-जास्त वजन देतात. हे वजन देण्याची प्रत्येकाची रीत वेगळी. काही संस्था सर्व प्रौढांना विचारतात, काही नोंदणीकृत मतदारांना, तर काही फक्त मतदानाला जाण्याची शक्यता असलेल्यांना. एकाच आठवड्यात दोन संस्थांचे आकडे चार-पाच टक्क्यांनी वेगळे येतात, ते बऱ्याचदा यामुळे.

आकडा वर-खाली कशाने होतो

नवा राष्ट्राध्यक्ष शपथ घेतो तेव्हा विरोधी पक्षाचे मतदारही त्याला थोडी सवलत देतात. जेराल्ड फोर्ड १९७४च्या ऑगस्टमध्ये सत्तेवर आले तेव्हा त्यांची पसंती सत्तरच्या घरात होती. ८ सप्टेंबरला त्यांनी वॉटरगेट प्रकरणामुळे राजीनामा दिलेले आधीचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना संपूर्ण माफी दिली आणि काही आठवड्यांत ती पन्नासवर आली. पुढच्या निवडणुकीपर्यंत त्या निर्णयाने त्यांची पाठ सोडली नाही.

राज्यशास्त्रज्ञ जॉन म्युलर यांनी १९७० मध्ये ट्रुमन ते जॉन्सन या काळातील आकड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी दाखवलेल्या गोष्टी आजही अभ्यासाचा पाया आहेत. पहिली, काळ जाईल तसा आकडा घसरतो, कारण प्रत्येक निर्णयाने कोणी ना कोणी दुखावतो आणि अशा दुखावलेल्यांची बेरीज वाढत जाते. दुसरी, आर्थिक मंदी आकडा खाली ओढते. तिसरी, लांबलेले युद्ध त्याला पोखरते. चौथी, परकीय संकट अचानक उद्भवले की लोक झेंड्याभोवती जमतात आणि आकडा उसळतो.

या चौथ्या कारणाने आलेली उसळी सर्वांत उंच असते आणि सर्वांत फसवीही. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्याआधी धाकट्या बुश यांना ५१ टक्के पसंती होती. दोन आठवड्यांच्या आत ती ९० टक्क्यांवर गेली. गॅलपच्या इतिहासातला हा सर्वोच्च आकडा. २००८च्या अखेरीस, इराकचे युद्ध आणि बँकांचे कोसळणे यांच्यानंतर, तो २५ टक्क्यांवर उतरला होता. जॉन केनेडी यांची क्यूबावरील ‘बे ऑफ पिग्ज’ मोहीम १९६१ मध्ये पुरती फसली, तरी लगेचच्या पाहणीत त्यांची पसंती ८३ टक्क्यांवर गेली. संकटाच्या वेळी लोक कामगिरी तोलत नसतात, देशाच्या प्रमुखाच्या पाठीशी उभे राहत असतात.

जिमी कार्टर यांच्या बाबतीत हे चढ-उतार फार वेदनादायक झाले. महागाई आणि पेट्रोलच्या रांगा यांमुळे १९७९च्या उन्हाळ्यात त्यांची पसंती २८ टक्क्यांपर्यंत घसरली होती. ४ नोव्हेंबर १९७९ला तेहरानमधील अमेरिकी दूतावास ताब्यात घेऊन तिथल्या लोकांना ओलीस धरले गेले आणि राष्ट्र त्यांच्यामागे एकवटले. जानेवारीत आकडा ५८वर पोहोचला. पण ओलीस सुटेनात, एप्रिलमधील सुटकेचा लष्करी प्रयत्न वाळवंटात फसला, आणि १९८० सालची महागाई साडेतेरा टक्के झाली. निवडणुकीच्या तोंडावर आकडा पुन्हा चाळीसच्या खाली होता. कार्टर यांना ४१ टक्के मते मिळाली.

थोरल्या बुश यांचेही तेच झाले. युद्धाचा विजय मनातून ओसरला आणि मंदी, वाढलेली बेरोजगारी, नवे कर लावणार नाही असे ठासून सांगून नंतर वाढवलेले कर, हे समोर उरले. १९९२च्या उन्हाळ्यात त्यांची पसंती २९ टक्क्यांवर आली. रेगन यांच्या वाट्याला उलटा काळ आला. १९८३ पासून उत्पादन वाढू लागले, १९८४ मध्ये अर्थव्यवस्था सात टक्क्यांहून अधिक वेगाने वाढली आणि महागाईही आटोक्यात आली. वीस महिन्यांपूर्वीचा राग मतदारांनी मागे टाकला.

निवडणुकीच्या वर्षातला आकडा

यातून पहिला नियम हाती लागतो. कारकिर्दीच्या पहिल्या तीन वर्षांतील आकडा फेरनिवडीबद्दल जवळपास काहीच सांगत नाही. निवडणुकीच्या वर्षाचा उन्हाळा आला की तो बोलू लागतो, आणि ऑक्टोबरपर्यंत तो इतका नेमका होतो की थक्क व्हावे.

निवडणुकीपूर्वीची शेवटची पसंती आणि प्रत्यक्ष मिळालेली मते शेजारी ठेवून पाहू. रेगन, १९८४: पसंती ५८, मते ५८.८. थोरले बुश, १९९२: पसंती ३४, मते ३७.४. क्लिंटन, १९९६: पसंती ५४, मते ४९.२, आणि तीही रॉस पेरो यांच्यासारखा तिसरा उमेदवार रिंगणात असताना. धाकटे बुश, २००४: पसंती ४८, मते ५०.७. ओबामा, २०१२: पसंती पन्नासच्या किंचित वर, मते ५१.१. ट्रम्प, २०२०: पसंती ४६, मते ४६.८.

फार लोकप्रिय राष्ट्राध्यक्षांना मात्र पसंतीइतकी मते मिळत नाहीत. आयझेनहॉवर यांना १९५६ मध्ये अडुसष्ट टक्क्यांच्या आसपास पसंती होती, मते मिळाली ५७.४ टक्के. जॉन्सन यांची १९६४च्या उन्हाळ्यातील पसंती सत्तरच्या वर होती, मते ६१.१ टक्के. कारण उघड आहे. विरोधी पक्षाचा मतदार कारभार बरा चालला आहे हे मान्य करतो, पण मतदान केंद्रात गेल्यावर आपल्याच पक्षाला मत देतो. उलट राष्ट्राध्यक्षावर नाराज असलेले काही जण, समोरचा उमेदवार अधिक वाईट वाटला तर नाइलाजाने राष्ट्राध्यक्षालाच मत देतात. म्हणून फार वरचे आकडे मतपेटीत खाली सरकतात आणि फार खालचे थोडे वर येतात.

एवढ्या अनुभवावरून तीन पट्टे आखता येतात. पन्नास किंवा त्याहून अधिक पसंती घेऊन निवडणुकीला सामोरा गेलेला एकही राष्ट्राध्यक्ष महायुद्धोत्तर काळात हरलेला नाही. चाळीसच्या खाली असलेले कार्टर आणि थोरले बुश हरले. मधला पट्टा अनिश्चित. १९७६ मध्ये फोर्ड ४५ टक्के पसंती घेऊन उभे राहिले आणि ४८ टक्के मते मिळवून थोडक्यात हरले. धाकटे बुश ४८वर जिंकले, ट्रम्प ४६वर हरले. या पट्ट्यात निकाल ठरवतात ते समोरचा उमेदवार, प्रचाराची ताकद आणि राज्यवार मतांची वाटणी.

राज्यशास्त्रज्ञ अॅलन अब्रामोविट्झ यांनी १९८८ पासून वापरलेले अंदाजाचे सूत्र याच अनुभवावर उभे आहे. त्यात तीनच घटक आहेत: निवडणुकीच्या वर्षाच्या मध्यावर राष्ट्राध्यक्षाची पसंती वजा नापसंती, त्या वर्षाच्या दुसऱ्या तिमाहीतील आर्थिक वाढ, आणि सत्तारूढ पक्षाने व्हाइट हाऊसमध्ये किती काळ काढला आहे. उमेदवारांची भाषणे, जाहिराती, वादविवाद यांपैकी काहीही त्यात नाही, तरीही बहुतेक निवडणुकांत या सूत्राने मतांचा चांगला अंदाज दिला.

ट्रुमन यांचा अपवाद

चाळीसच्या आसपास असूनही जिंकलेला एक माणूस मात्र आहे. १९४८च्या वसंतात हॅरी ट्रुमन यांची पसंती ३६ टक्के होती. जूनमध्ये ती चाळीसच्या आसपास होती. त्यांचा स्वतःचा डेमोक्रॅटिक पक्ष तीन तुकड्यांत फुटला होता. सगळ्या प्रमुख पाहण्यांनी न्यूयॉर्कचे गव्हर्नर थॉमस ड्युई यांना विजयी ठरवले. ट्रुमन यांनी आगगाडीने देश पिंजून काढला आणि सगळा रोख रिपब्लिकन बहुमत असलेल्या काँग्रेसवर ठेवला. ‘शिकागो ट्रिब्यून’ने ड्युई जिंकल्याचा मथळा छापला. प्रत्यक्षात ट्रुमन ४९.६ टक्के मते मिळवून जिंकले.

यात गॅलप यांच्या दोन चुका होत्या. त्यांनी मतदानाच्या बरेच दिवस आधी पाहणी थांबवली, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात फिरलेली मते नजरेतून सुटली. आणि अमुक इतक्या स्त्रिया, अमुक इतके शेतकरी असा कोटा ठरवून त्यातली माणसे निवडण्याचे काम मुलाखत घेणाऱ्यावर सोडले होते. तो साहजिकच सोयीची, सहज भेटणारी माणसे निवडे. १९४८च्या धड्यानंतर योगायोगाने निवड करण्याच्या शास्त्रीय पद्धतीकडे हा व्यवसाय वळला. ट्रुमन यांचा विजय खरा होता. पण त्या वर्षी जूननंतर निवडणुकीपर्यंत गॅलपने त्यांच्या कामगिरीची पसंती विचारलीच नव्हती. शरदातल्या प्रचाराने ती किती वर गेली असेल, हे मोजायला तेव्हा कोणी नव्हते. म्हणून चाळीस टक्क्यांवरही माणूस जिंकतो असे सांगण्यासाठी ट्रुमन यांचा दाखला देताना बेताने द्यावा.

मतदानाआधीच लागलेले निकाल

हरलेल्यांची यादी पाहताना एक गोष्ट सुटून जाते. ज्यांचा आकडा सर्वांत वाईट होता, त्यांपैकी तिघे निवडणुकीच्या मैदानात उतरलेच नाहीत.

कोरियातील युद्ध रखडले असताना फेब्रुवारी १९५२ मध्ये ट्रुमन यांची पसंती २२ टक्क्यांवर आली. गॅलपच्या नोंदीतला हा आजवरचा नीचांक. दोनच मुदतींचे बंधन घालणारी २२वी घटनादुरुस्ती १९५१ मध्ये लागू झाली होती, पण त्यातून ट्रुमन यांना सूट होती. ते पुन्हा उभे राहू शकत होते. पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी न्यू हॅम्पशायर राज्यात झालेल्या प्राथमिक फेरीत सिनेटर एस्टेस कीफॉव्हर यांनी त्यांना हरवले आणि मार्चअखेर ट्रुमन यांनी माघार घेतली.

सोळा वर्षांनी लिंडन जॉन्सन यांच्यावर तीच पाळी आली. व्हिएतनाममध्ये १९६८च्या जानेवारीअखेर साम्यवादी फौजांचे टेट आक्रमण झाले. मार्चमध्ये पसंती ३६ टक्के राहिली, न्यू हॅम्पशायरमध्ये युद्धविरोधी सिनेटर यूजीन मॅकार्थी यांनी त्यांना अनपेक्षित टक्कर दिली आणि ३१ मार्चला दूरचित्रवाणीवरील भाषणाच्या शेवटी जॉन्सन यांनी आपण उमेदवार नसल्याचे जाहीर केले. जो बायडेन यांची घसरण ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती पडले तेव्हा सुरू झाली, २०२२च्या जूनमध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर गेली तेव्हा ती पक्की झाली. ट्रम्प यांच्याशी झालेल्या २७ जून २०२४च्या वादचर्चेने वयाबद्दलची शंका ठळक केली आणि जुलैमध्ये ३६ टक्के पसंती असताना, २१ तारखेला त्यांनी उमेदवारी सोडली.

तिघांनाही मतदारांनी मतपेटीतून हरवले नाही. पक्षातले सहकारी, निधी देणारे आणि प्राथमिक फेरीचे मतदार यांनी आकड्याचा अर्थ आधीच ओळखला होता. निकालांवर या आकड्याचा प्रभाव मोजताना हे तीन प्रसंग जमेस धरलेच पाहिजेत.

पक्षाच्या पुढच्या उमेदवाराकडे मात्र हे ओझे किंवा पुण्य पूर्णपणे जात नाही. जॉन्सन यांचे उपाध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री आणि बायडेन यांच्या उपाध्यक्ष कमला हॅरिस दोघेही हरले, पण दोघांनाही आपल्या नेत्याच्या पसंतीहून जास्त मते मिळाली. आयझेनहॉवर १९६० मध्ये आणि क्लिंटन २००० मध्ये चांगल्या लोकप्रियतेने पायउतार होत होते, तरी त्यांचे उपाध्यक्ष निक्सन आणि अल गोर यांना व्हाइट हाऊस गाठता आले नाही.

अरुंद झालेला पट्टा

गेल्या काही दशकांत या आकड्याचा स्वभावच बदलला आहे. रिपब्लिकन आयझेनहॉवर यांच्या कामगिरीला डेमोक्रॅटिक मतदारांपैकी जवळपास निम्मे पसंती देत. २०२०च्या शरदात ट्रम्प यांना रिपब्लिकन मतदारांत नव्वदच्या वर आणि डेमोक्रॅटांत दहाच्या खूप आत पसंती होती. बायडेन यांच्या काळात हेच चित्र बाजू बदलून दिसले. ट्रुमन यांचा आकडा ८७ ते २२ असा हिंडला, धाकट्या बुश यांचा ९० ते २५. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत तो ४९ आणि ३४ यांच्यामध्येच राहिला. गॅलपच्या पाहणीत एकदाही पन्नास न गाठलेले ते पहिलेच राष्ट्राध्यक्ष. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा जुन्या हिशोबाने मोठी उसळी यायला हवी होती. ती ४९वर थांबली.

बहुतेक लोक आता कामगिरी पाहून पक्ष ठरवत नाहीत, पक्ष पाहून कामगिरी ठरवतात. त्यामुळे जो तो राष्ट्राध्यक्ष अनिश्चिततेच्या मधल्या पट्ट्यातच अडकतो आणि निकाल थोड्या राज्यांतल्या थोड्या मतांवर येऊन ठेपतो. २०२० मध्ये बायडेन यांना देशभरात ७० लाखांहून जास्त मते अधिक पडली. पण अॅरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतील त्यांची आघाडी एकत्र केली तर जेमतेम ४३ हजार भरते. ती राज्ये गेली असती तर राष्ट्राध्यक्ष ठरवणारी, राज्याराज्यांना वाटून दिलेली निर्वाचक मते दोन्हीकडे २६९ झाली असती. देशव्यापी आकडा हे सांगू शकत नाही.

राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीच्या मध्यावर होणाऱ्या काँग्रेसच्या मध्यावधी निवडणुकांतही हा आकडा कामाला येतो. १९९४ मध्ये क्लिंटन यांची पसंती ४६ असताना त्यांच्या पक्षाने प्रतिनिधिगृहात ५४ जागा गमावल्या. २०१० मध्ये ओबामा ४५वर असताना ६३ गेल्या. साठच्या वर पसंती असताना १९९८ मध्ये क्लिंटन यांच्या आणि २००२ मध्ये धाकट्या बुश यांच्या पक्षाने उलट जागा मिळवल्या. २०२२ मध्ये बायडेन चाळीसवर असूनही त्यांच्या पक्षाच्या फक्त नऊ जागा कमी झाल्या. गर्भपाताच्या हक्काबद्दल सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाने त्यांचा मतदार जागा केला होता. ट्रम्प यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत २२व्या घटनादुरुस्तीमुळे फेरनिवडणुकीचा प्रश्नच उरत नाही, म्हणून त्यांच्या आकड्याचे खरे महत्त्व मध्यावधीपुरते आणि पक्षातील त्यांच्या वजनापुरते आहे.

ट्रम्प यांचेच उदाहरण शेवटी एक मर्यादाही दाखवते. जानेवारी २०२१ मध्ये ते ३४ टक्के पसंती घेऊन पायउतार झाले आणि चार वर्षांनी ३१२ निर्वाचक मते मिळवून परतले. मतदाराने २०२४ मध्ये त्यांच्या जुन्या आकड्याला मत दिले नाही; त्याच्यासमोर तेव्हाची महागाई आणि तेव्हाचे सरकार होते.

म्हणून अशी बातमी पुढच्या वेळी वाचाल तेव्हा चार गोष्टी तपासा. निवडणूक किती दूर आहे? एक पाहणी आहे की अनेकांची सरासरी? सर्व प्रौढांना विचारले आहे की मतदारांना? आणि आकडा पन्नासच्या वर, चाळीसच्या खाली की मधल्या पट्ट्यात आहे? निवडणूक वर्षाहून दूर असेल, तर त्या आकड्यावरून कोण जिंकणार हे कोणालाही सांगू देऊ नका. निवडणुकीच्या वर्षाचा उन्हाळा उलटून गेला असेल, तर मात्र तो गांभीर्याने घ्या. त्या टप्प्यावर प्रचारसभांतील गर्दीपेक्षा आणि नेत्यांच्या दाव्यांपेक्षा तोच अधिक खरे सांगतो.